पट 63, वैध 59

वसई पट्ट्यातल्या एका धर्मग्रामाची (चर्चच्या पॅरिशची) मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवी, शंभर टक्के अनुदानित, अल्पसंख्याक दर्जाची. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही आकडे आणि तपशील थोडे बदलले आहेत. सरकारी निर्णय, न्यायालयाचे निकाल आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्याच आहेत.

मी निवृत्त मुख्याध्यापक. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या शिक्षण मंडळावर मला घेतलं ते बहुधा शिक्षणाधिकारी कार्यालयाची भाषा येते म्हणून. सप्टेंबर 2025च्या दुसऱ्या शनिवारी संस्थेच्या सगळ्या शाळांचे व्यवस्थापक फादर, मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका सिस्टर्स यांची बैठक होती. माउंट मेरीची जत्रा तोंडावर, त्यामुळे अर्ध्या फादरांचं लक्ष घड्याळाकडे. विषयपत्रिकेवर नऊ विषय. या शाळेचं भवितव्य आठव्या विषयात होतं आणि आठव्या विषयाला आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी हात घातला.

पहिली चाळीस मिनिटं: सुधारणा

सुरुवात चांगली झाली. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल 2024 मध्ये आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हणा, शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा. देशभरात चर्चच्या सुमारे 14,000 शाळा असल्याने या सूचनांची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. आमच्याकडे उद्देशिका सगळ्या शाळांत सुरू झाली होती. खोलीचा विषय निघाला तेव्हा एक फादर म्हणाले, ‘‘आमची तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसते. प्रार्थनेची खोली काढली तर चौथीला प्रार्थनेलाच बसवावं लागेल.’’ हशा झाला आणि विषय पुढे गेला.

ऑगस्ट 2024च्या बदलापूर प्रकरणानंतर, म्हणजे शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर, मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या फक्त कागदावर चालणार नाहीत, हे सगळ्यांना कळलं होतं. तक्रारपेट्या लागल्या. महिला पालकांना समितीत खरोखर बोलावणं गेलं. कॅमेऱ्यांचा खर्च बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाने उचलला, कारण वेतनेतर अनुदान कधी येईल आणि किती येईल याचा भरवसा नाही. दोन हायस्कुलांनी सेमी इंग्रजीच्या तुकड्या सुरू करून पट सावरला होता, त्यांचं कौतुक झालं. माझ्या मते या सगळ्या सुधारणा खऱ्या होत्या, केवळ अहवालापुरत्या नव्हत्या. त्यातली एकही या प्रकरणाच्या कामी आली नाही, ती गोष्ट वेगळी.

पुढचे दोन तास: टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा)

1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांचं खंडपीठ, ‘अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. म्हणजे प्रकरण निघालं ते आपल्याच राज्यातल्या एका अल्पसंख्याक संस्थेवरून. निकालानंतर दोन दिवसांत प्रत्येक स्टाफरूममध्ये एकच वाक्य फिरत होतं, ‘सगळ्यांना टीईटी, नाहीतर घरी.’

निकालात म्हटलंय ते इतकं सरसकट नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि शिक्षण हक्क कायद्याच्या आधी लागलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. नाहीतर देय लाभ घेऊन सेवेतून बाहेर पडायचं. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली, त्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल. आणि हे सगळं अल्पसंख्याक शाळा वगळून. 6 मे 2014च्या ‘प्रमती’ निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असं ठरवलं होतं. दत्ता-मनमोहन खंडपीठाने त्या निकालाच्या बरोबर असण्याबद्दलच शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितलं. तोवर अल्पसंख्याक शाळांना सूट.

‘तोवर’ या शब्दावर आमचे दोन तास गेले.

एक गट म्हणत होता की आम्हाला लागू नाही, तर शिक्षकांना उगाच घाबरवायचं कशाला? अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देणारं संविधानाचं कलम 30 आपली ढाल आहे. आज परीक्षा मान्य केली तर उद्या आणखी काही मान्य करावं लागेल. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की मोठ्या पीठाने ‘प्रमती’ फिरवला तर आपल्या शिक्षकांच्या हातात इतरांपेक्षा कमी वेळ राहील. शिवाय टीईटी म्हणजे काही डोंगर नाही: दीडशे गुण, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला साठ टक्के. तिसरा आवाज एका तरुण सिस्टरचा होता. ‘‘पंधरा वर्षं पोरांना वाचायला शिकवलेल्या बाईला बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न सोडवून पात्रता सिद्ध करायला सांगतोय, हे आपल्याला तरी पटतंय का?’’ यावर कोणी काही बोललं नाही. बैठकीत असं होतं. पटणारी गोष्ट ठरावात बसत नाही.

शेवटी ठराव असा झाला: परीक्षा ऐच्छिक, बसणाऱ्यांची फी संस्था भरेल आणि तयारीसाठी शनिवारची दुसरी तासिका मोकळी देईल, कोणावर दबाव आणायचा नाही. ठराव शहाणपणाचा होता. माझी तक्रार त्याच्यावर नाही, त्याला लागलेल्या दोन तासांवर आहे.

मोठ्या बाई आणि धाकट्या बाई

आता शाळेकडे येतो. तिथे तीन शिक्षकांची पदं. मुलं दोघींना मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणतात, तसंच म्हणू. तिसऱ्या मुख्याध्यापिका सिस्टर. त्यांना स्वतंत्र पद नाही. त्या वर्गही घेतात, पोषण आहाराची नोंदही ठेवतात आणि रात्री कॉन्व्हेंटमध्ये बसून पोर्टलही भरतात. प्राथमिक शाळेला लिपिक नसतो. हायस्कुलात क्लार्क असतो, त्यामुळे शिक्षण खात्याला वाटतं की ‘शाळेने माहिती भरावी’ हे वाक्य पुरेसं आहे.

मोठ्या बाई 1998 पासूनच्या. वय 54, निवृत्ती 58ला. निकाल आपल्याला लागू धरला तरी त्या पाच वर्षांच्या आतल्या, म्हणजे सुटलेल्या. बढतीसाठी परीक्षा लागेल, एवढंच. यावर त्या मला म्हणाल्या होत्या, ‘‘सर, बढती मला कोण देतंय?’’

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम, 1977 यातल्या कलम 3(2) नुसार अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख, आणि व्यवस्थापनाने नावं कळवलेले जास्तीत जास्त तिघे, यांच्या भरतीला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे प्रमुखपदासाठी ज्येष्ठता यादी पाळण्याचं बंधन नाही. त्या मोकळीकीने सिस्टरांना मुख्याध्यापिका केलं गेलं आणि मोठ्या बाई मागे राहिल्या. कायद्याने चूक काहीच नाही. सिस्टर कामालाही चांगल्या आहेत. पण प्रमुख आपल्याच माणसांतला असावा या हक्काची किंमत एका प्रापंचिक बाईने अनेक वर्षं गप्प राहून भरली, हे आम्ही एकाही बैठकीत विषयपत्रिकेवर घेतलं नाही. नवीन सिस्टर्स कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न पुढे आपोआप मिटेल असं काही फादर म्हणतात. मोठ्या बाई त्याआधी निवृत्त होतील.

सिस्टरांचा पगार हाही एक वेगळाच विषय. दारिद्र्याच्या व्रतामुळे पगार त्यांच्या धर्मसंघाकडे जातो, म्हणून त्यावर आयकर कापू नये अशी धर्मगुरू आणि सिस्टर्सची मागणी होती. 7 नोव्हेंबर 2024ला सर्वोच्च न्यायालयाने याबाबतची 93 अपिलं फेटाळली. पगार व्यक्तीच्या नावे निघतो, मग कपात व्हायचीच. ती अपिलं दक्षिणेतली, पण आमच्याकडच्या सिस्टर्सचाही त्याने निकाल लागला. बैठकीत हा विषय तीन मिनिटांत संपला.

धाकट्या बाई जून 2009च्या. वय 40, अठरा वर्षं शिल्लक. लागल्या तेव्हा टीईटी नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती. राज्यात ती पहिल्यांदा 2013 मध्ये झाली. दोन तासांच्या चर्चेत ज्या शिक्षिकेचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, ते बरोबर यांचंच. आणि तीन जणांत सेवाज्येष्ठतेने शेवटच्याही त्याच.

आठवा विषय

एक वाजून दहा मिनिटांनी यू-डायस, म्हणजे शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल, निघालं. प्रत्येक शाळेने पट आणि त्यातले आधार वैध, म्हणजे शाळेची नोंद आधारशी जुळलेले, विद्यार्थी वाचून दाखवायचे. सिस्टरांनी वाचलं, ‘‘पट त्रेसष्ट, वैध एकोणसाठ.’’ पुढच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं.

मी थांबवलं. याचं श्रेय हुशारीला नको. मी आयुष्यभर संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, याद्या पाहिल्यात, डोळा तिथेच अडकतो. पहिली ते पाचवीला 60 पर्यंत दोन शिक्षक, 61 झाले की तिसरा. हा हिशेब शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातला. राज्याची संचमान्यता त्याच्यावर बेतलेली आहे, आणि 15 मार्च 2024च्या शासन निर्णयाने तिचे निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीला विसाच्या आत पट असेल तर शून्य शिक्षक, यावरून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या त्या याच निर्णयामुळे. संचमान्यतेसाठी धरला जातो तो 30 सप्टेंबरचा पट, आणि त्यातही आधार जुळलेलाच.

वर्गात बसलेली मुलं 63. सरकारला दिसणारी 59. आणि सतरा दिवस शिल्लक.

इथे मला या प्रकरणातला खरा मुद्दा दिसतो. शिक्षण हक्क कायदा आम्हाला लागू नाही म्हणून आम्ही दोन तास न्यायालयीन निकाल वाचत होतो. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टातला 61चा आकडा आमच्या शाळेला वर्षानुवर्षं लागू आहे, कारण तो अनुदानाच्या वाटेने येतो. अल्पसंख्याक दर्जामुळे शिक्षक निवडायचा हक्क आमचा. भरती सरकारच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून करायला नको. पण तो हक्क पदावर माणूस बसवण्याचा आहे. पद असेल की नाही, हे त्या हक्काच्या हातात नाही. धाकट्या बाई उद्या टीईटीत पहिल्या आल्या, किंवा मोठ्या पीठाने आम्हाला कायमची सूट दिली, तरी 59 हा आकडा त्यांना अतिरिक्त ठरवायला पुरेसा होता. एकदा अतिरिक्त ठरलं की समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायच्या, यादीत नाव, आणि गेलेलं पद पुन्हा मिळवायचं तर नुसतं काठावर येऊन भागत नाही.

एक ज्येष्ठ फादर म्हणाले, ‘‘चारच मुलं आहेत ना, होईल.’’ यावर सिस्टरांनी वही उघडली. त्या चारांची नावं त्यांना पाठ होती, कारण जूनपासून त्या त्यांच्यामागे होत्या. त्यांनी तालुक्याला तीन वेळा कळवलं होतं. आमच्याकडे, म्हणजे संस्थेकडे, एकदाही नाही. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘फादर, मला वाटलं हे माझं कारकुनी काम आहे.’’

चार मुलं

पहिला मुलगा कॅथलिक, वसईतल्या कुपारी या ख्रिस्ती समाजातला. आडनाव डिसोझा. आधारवर इंग्रजीत ‘डी’नंतर वरचा स्वल्पविराम, शाळेच्या नोंदीत तो नाही, आणि जन्मदाखल्यावर ‘झेड’च्या जागी ‘एस’. आमच्या भागात हे घरोघरी आहे. गोन्साल्विस तीन प्रकारे, रॉड्रिग्ज चार प्रकारे, आणि डिब्रिटो प्रत्येक कार्यालयात वेगळा. पोर्तुगीज अमदानीत मिळालेली आडनावं आधी मराठी तोंडात, मग मराठी दाखल्यात आणि शेवटी इंग्रजी संगणकात गेली. संगणक तोंड ओळखत नाही.

दुसरी आणि तिसरी कातकरी पाड्यावरच्या बहिणी. दोघींच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी. नोंदणीच्या वेळी तारीख सांगता आली नाही की हीच लिहितात. शाळेच्या दाखल्यावर मात्र अंगणवाडीच्या नोंदीवरून घेतलेल्या खऱ्या तारखा होत्या. म्हणजे शाळेची नोंद बरोबर आणि तीच ‘चुकीची’ ठरत होती.

चौथी मुलगी पहिलीतली. तिच्याकडे आधारच नव्हतं. आई-वडील वीटभट्टीवर जाणारे, जन्म वाटेत कुठेतरी झालेला, दाखला नाही. जन्माला एक वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. सतरा दिवसांत ते होणं नव्हतं.

गणित सोपं होतं. चारातले दोन जुळले की 61.

सतरा दिवसांत काय झालं

बैठक दीडला संपायची ती सव्वादोनला संपली. शेजारच्या धर्मग्रामाच्या हायस्कुलातल्या क्लार्कने, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, स्वतःहून सांगितलं की दर बुधवारी दुपारनंतर ते या शाळेत येतील. त्यांच्या मुख्याध्यापकांनी जरा कुरकुर करून होकार दिला. माझ्या दृष्टीने त्या दिवसातली सगळ्यात मोठी सुधारणा ही. कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत नव्हती, पैसेही लागले नाहीत.

भाऊंनी पहिल्याच बुधवारी डिसोझांचं प्रकरण संपवलं. आधार बदलायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. आधारवर आहे तसंच नाव शाळेच्या नोंदीत दुरुस्त करायचं, पालकांचा अर्ज आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन. सिस्टर जूनपासून उलट्या बाजूने प्रयत्न करत होत्या. जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं त्यांना पाप वाटत होतं, आणि एका अर्थी बरोबरच होतं. जन्मतारखेच्या बाबतीत भाऊंनीही तसं केलं नाही.

बहिणींसाठी आधार केंद्रावर जावं लागलं. वडील रोजंदारीवर, त्यांचा दिवस बुडणार. धाकट्या बाई स्वतः रजा टाकून आईला आणि दोघी मुलींना घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी केंद्राचं सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला काम झालं, मोठीचं. धाकटीचे अंगठ्याचे ठसे उमटेनात. बायोमेट्रिक पुन्हा घ्यायचं म्हणून तिसरी तारीख. 29 सप्टेंबरला पोर्टलवर आकडा 61 झाला. धाकट्या बहिणीचं 30च्या संध्याकाळपर्यंत प्रलंबितच दिसत होतं.

तिसरं पद त्या वर्षापुरतं वाचलं.

यात मला एक गोष्ट खटकत राहते आणि ती इथे लिहिणं भाग आहे. आपलं पद वाचवायला शिक्षिकेला स्वतः रजा टाकून मुलांना आधार केंद्रावर न्यावं लागलं. आपल्या पोटाचा प्रश्न पाड्यावरच्या मुलीच्या अंगठ्यावर टांगलेला आहे, हे त्या बाईला आणि त्या आईलाही कळत होतं. केंद्राच्या रांगेत आई त्यांना म्हणाली, ‘‘बाई, हिचा अंगठा आला नाही तर तुमाला काढतील का?’’ धाकट्या बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा पुढे काही बोलल्या नाहीत. शिक्षक आणि पालक यांच्यात असा व्यवहार यायला नको होता.

नंतर

धाकट्या बाईंनी टीईटीचा अर्ज भरला. कोणी सांगितलं नव्हतं. 23 नोव्हेंबरला परीक्षा देऊन आल्या. गणित जड गेलं, मराठी सोपं होतं, असं म्हणाल्या. मोठ्या बाईंनी त्या महिन्यात त्यांचे दोन वर्ग जोडून घेतले.

संस्थेने आता तीन प्राथमिक शाळांमागे हायस्कुलाचा एक क्लार्क आठवड्यातून एक दिवस, असं लेखी ठरवलंय. दर जुलैच्या बैठकीत यू-डायस हा पहिला विषय ठेवायचा, असंही ठरलं. हायस्कुलातले क्लार्क यावर खूश नाहीत. एकाने सांगितलं की मानधन नाही तर निदान प्रवासखर्च तरी द्या. तो अजून मंजूर व्हायचाय.

चौथी मुलगी शाळेत येते. भट्टीवर जाताना आई-वडिलांनी तिला आजीकडे ठेवलंय, त्यामुळे दिवाळीनंतरही तिची हजेरी बरी आहे. जन्मनोंदीचा अर्ज तहसीलला दिला आहे. सिस्टर पंधरवड्यातून एकदा चौकशीला जातात, आणि आता त्याचा खर्च संस्थेच्या खात्यात लिहितात.